हक्काचा धुरा

सिंदेवाहीला मी गेलो तो भावाशी भांडायला. हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाही तर पुढे गिरडचा डोंगर, सूफी कवी आणि धानाची शेते यांची वर्णने वाचून वाचकांचा असा समज व्हायचा की हा गृहस्थ तीर्थयात्रेला निघाला होता. माझ्या पिशवीत सातबाऱ्याचा उतारा होता, मोजणीची नोटीस होती, आणि त्या दोहोंच्या खाली, टॉवेलात गुंडाळलेले, मौलाना रूमींच्या मसनवीचे हिंदी भाषांतर होते.

या तीन कागदांची संगत कशी जमली ते सांगतो. बँकेतून निवृत्त झाल्यापासून पुण्यात आमचा पाचसात जणांचा एक कट्टा आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात जमायचे, चहा घ्यायचा आणि कोणी तरी काही तरी वाचून दाखवायचे. ज्ञानेश्वरी झाली, कबीर झाला, आणि दोन वर्षांपूर्वी गाडी सूफी कवींवर आली. आता रोज सकाळी उठल्याबरोबर भ्रमणध्वनीवर गुलाबाच्या चित्राखाली छापलेले एखादे सूफी वचन येते. ते खरेच त्या कवीचे असते का, हा भाग निराळा. आम्ही ते वाचतो, चार जणांना पुढे पाठवतो आणि दात घासायला जातो.

एका शुक्रवारी मसनवीच्या पहिल्या दफ्तरातली एक गोष्ट निघाली. एक माणूस मित्राच्या दारावर थाप मारतो. आतून विचारणा होते, "कोण?" तो म्हणतो, "मी." मित्र त्याला दारातूनच परत पाठवतो, असल्या कच्च्या माणसाला इथे जागा नाही म्हणतो. तो बिचारा वर्षभर विरहात होरपळतो, भाजून निघतो आणि पुन्हा येऊन थाप मारतो. पुन्हा तोच प्रश्न. या वेळी तो म्हणतो, "दारातही तूच आहेस." दार उघडते, कारण त्या घरात दोन ‘मी’ मावणारे नसतात. सातशे वर्षांहून जुनी गोष्ट. रूमी 1273 साली कोन्या इथे वारले. आम्ही सर्वांनी "वा!" म्हटले. एका डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. आणि त्याच रात्री घरी जाऊन मी माझ्या भावाच्या शेजारच्या बांध्यांच्या मोजणीचा अर्ज भरला.

भांडण धुऱ्याचे होते. धानाच्या मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की धानाच्या शेताचे लहान लहान चौकोन करून त्यांत पाणी अडवतात. त्या चौकोनाला बांधी म्हणतात, आणि दोन बांध्यांच्या मधल्या मातीच्या वरंब्याला धुरा. धुऱ्यावर तूर लावायची पद्धत आहे. वडिलांनी हयातीतच पाच बांध्या थोरल्या दादाच्या आणि चार माझ्या नावाने करून दिल्या होत्या. माझ्याही बांध्या दादाच कसतो. वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात मधला धुरा फुटला, दादाने तो नव्याने घातला, आणि एका नातेवाइकाने मला दूरध्वनी करून सांगितले, की धुरा दोन हात तुमच्या अंगावर सरकला बरे का! मी दादाला एक पत्र लिहिले. बँकेतल्या माणसाला थकबाकीदाराला कसे लिहायचे ते चांगले ठाऊक असते. त्या पत्राला उत्तर आले नाही. या गोष्टीला सहा वर्षे झाली. दरम्यान पुतणीचे लग्न झाले. मी पैसे पाठवले आणि गेलो नाही.

गेल्या मार्गशीर्षात मोजणीची तारीख लागली. नागपूरला आगगाडीतून उतरलो आणि उमरेडची एस. टी. धरली. पूर्वी नागपूरहून नागभीडपर्यंत अरुंद रुळांची छोटी गाडी होती. तिच्या खिडकीतून हात बाहेर काढला तर पळसाची पाने हाताला लागत. ती 2019 साली रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली. उमरेड रस्त्यावर ताजबागेपाशी बस थांबली, तेव्हा अर्धी बस उतरली आणि तितकीच माणसे चढली. कोणाच्या कपाळी कुंकू, कोणाच्या डोक्यावर टोपी, आणि सर्वांच्या हातांत सारखीच फुले. इथे ताजुद्दीनबाबांची समाधी आहे. कामठीला 1861 साली जन्मलेल्या या अवलियाला लोकांनी वेडा ठरवले आणि 1892 ते 1908 अशी सोळा वर्षे तो नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात राहिला. दर्शनाला माणसे तिथेच जाऊ लागली. अखेर रघुजीराव भोसल्यांनी त्यांना आपल्या शक्करदऱ्याच्या वाड्यात नेऊन ठेवले. 1925 साली बाबा गेले. शहाणे कोण आणि वेडे कोण, याचा निकाल नागपूरकरांनी आपल्यापुरता लावून टाकला आहे.

मला खरे तर सरळ नागभीडवरून सिंदेवाही गाठायची होती. पण उमरेडला उतरल्यावर समोर गिरडची गाडी उभी दिसली, आणि पाय तिकडे वळले. लहानपणी वडील आम्हा दोघा भावांना एकदा गिरडला घेऊन गेले होते. दादाला मुदतीचा ताप येऊन तो वाचला होता, त्याचा नवस फेडायला. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. गळ्यात तुळशीची माळ. पण नवस बोलले होते शेख फरीदबाबांना, आणि त्यात काही विचित्र आहे असे त्यांना किंवा गावात कोणालाही वाटले नव्हते.

गिरड वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात येते. डोंगराच्या माथ्यावर दर्गा. तेराव्या शतकातले थोर सूफी संत बाबा फरीद इथे येऊन राहिले, अशी परंपरा. त्यांची कबर आहे पाकपट्टणला, पण गिरडच्या भाविकांना त्यात अडचण वाटत नाही. तप इकडे केले आणि देह तिकडे ठेवला, म्हणतात. या फरीदबाबांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. अरबी-फारसीत पारंगत असलेला हा माणूस पंजाबच्या कुणब्यांच्या बोलीत लिहीत असे, हे मला त्यांच्या थोरपणाचे पहिले लक्षण वाटते.

डोंगरावर जायफळाएवढे, सुपारीएवढे गोल दगड सापडतात. त्यांची कथा अशी, की दोन बंजारी व्यापारी माल लादून चालले होते. त्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. ते पाया पडले, तेव्हा फकिराने वाळक्या पाचोळ्यातून त्यांना नवा माल करून दिला. पण ते व्यापारी माल घेऊन पुढे गेलेच नाहीत. तिथेच सेवेला राहिले. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात, की लाव्हारस थिजताना त्यात हवेच्या पोकळ्या राहतात, त्या खनिजांनी भरतात, आणि पुढे खडक झिजला की आतले गोळे सुटे होतात. दोन्ही गोष्टी खऱ्या मानायला माझी हरकत नाही. लहानपणी मी खिसा भरून दगड घेतले होते आणि दादाला एकही दिला नव्हता, एवढे मात्र डोंगर चढताना लख्ख आठवले.

आणखी एक गोष्ट वडिलांनी पायऱ्यांवर बसून सांगितली होती. फरीदबाबांना कोणी तरी भेट म्हणून कात्री आणून दिली. बाबा म्हणाले, मला सुई द्या; मी कापत नाही, शिवतो. पिशवीतली मोजणीची नोटीस मला उगीचच जड वाटू लागली.

गिरडहून मिळेल त्या गाडीने चिमूर. हे 16 ऑगस्ट 1942 च्या उठावाचे चिमूर. त्या उठावामागे ज्यांच्या खंजिरीच्या भजनांची धग होती ते तुकडोजी महाराज याच आसमंतात, गोंदोड्याच्या गुहेत आणि रामदिघीच्या रानात तरुणपणी तपाला राहिले होते. तप करून ते रानातच राहिले नाहीत. गावात आले, झाडू हातात घेतला, सामुदायिक प्रार्थना सुरू केली आणि 1955 साली ‘ग्रामगीता’ दिली. हेही मनात नोंदवले गेले. आमच्या शुक्रवारच्या कट्ट्याने अजून स्वतःच्या जिन्यालाही झाडू लावलेला नाही.

नेरी, नवरगाव मागे टाकले आणि संध्याकाळच्या सुमारास सिंदेवाही आली. आमचा हा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. डोंगर बेताचे, झाडी भरपूर आणि जिथे झाडी नाही तिथे धान. गावागावाला तलाव, पूर्वीच्या मालगुजारांच्या वेळचे ते मामा तलाव, आणि शेतातल्या खोलगट जागी बांधलेल्या लहान बोड्या. सिंदेवाहीत धानाचे संशोधन केंद्र आहे. गोंदिया–बल्लारशा मार्गावरचे स्टेशन आहे. दिवाळी सरली, की या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते आणि रात्रभर नाटके चालतात. होळीपर्यंत हा हंगाम असतो. धान कापून झालेले असते, बांध्यांत जागोजाग पुंजणी रचलेली असतात आणि हवेला पेंढ्याचा गोडसर वास असतो. पुण्याच्या माणसाला हा वास सांगून समजत नाही, आणि इथल्या माणसाला तो पुण्यात झोपू देत नाही.

पण या सुंदर मुलखाला एक भय आहे. एका बाजूला ताडोबा, दुसऱ्या बाजूला ब्रह्मपुरीचे जंगल, आणि वाघाला तालुक्याची हद्द समजत नाही. 2025 च्या मे महिन्यात याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. सूफी ग्रंथांत ‘फना’ हा शब्द पदोपदी येतो. स्वतःला पुसून टाकणे, मरणाआधी मरणे. पुण्यात आम्ही तो शब्द चहाबरोबर उच्चारतो. सिंदेवाहीच्या बायका तोच मे महिना पुन्हा आला की टोळी करून, हाकारे घालीत रानात जातात. कारण पान तोडले नाही तर पावसाळ्याची बेगमी होत नाही. त्या दिवसापासून मी तो शब्द जपून वापरू लागलो आहे.

स्टँडवरून घरी पोहोचेतो अंधार पडला होता. गल्लीतली सगळी दारे बंद. हल्ली दिवे लागले की कोणी दार उघडे ठेवीत नाही. आमच्या दारासमोर मी पिशवी हातात घेऊन उभा राहिलो. सहा वर्षांनी. काय बोलायचे याची मी आगगाडीत उजळणी केली होती, आणि ती सगळी कायद्याच्या भाषेत होती. कडी वाजवली.

आतून वहिनींचा आवाज आला, "कोन आय?"

आणि माझ्या तोंडून निघून गेले, "मी."

क्षणभर मला सगळा कट्टा, डॉक्टरीणबाई आणि मौलाना रूमी एकदम आठवले. वाटले, आता परत जावे लागणार. वर्षभर होरपळून ये म्हणणार. पण दार ताबडतोब उघडले. "भाऊजी! या ना जी, आत या. एवढ्या रात्री कायले एकटे आले?" म्हणत वहिनींनी पिशवी ओढून घेतली. नुसत्या ‘मी’वर सहा वर्षांनी आवाज ओळखणारे माणूस घरात होते. रूमींच्या गोष्टीतल्या मित्रापेक्षा माझ्या वहिनी उदार निघाल्या, की त्यांच्या लेखी तो ‘मी’ कधी वेगळा झालाच नव्हता, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दादा ओसरीवर बसला होता. "आला काय?" एवढेच म्हणाला. जेवणात गरम भात, लाखोळीच्या डाळीचे वडे. मोजणीचा विषय कोणी काढला नाही.

झोप येईना. वडिलांच्या फडताळात त्यांचा ‘योगसंग्राम’ तसाच होता. कडा कुरतडलेल्या, मध्ये मध्ये झेंडूच्या पाकळ्या. हा ग्रंथ श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा, 1645 सालचा. मुसलमान घरात जन्मलेला, चांद बोधल्यांचा शिष्य असलेला हा सूफी मराठीत ओव्या लिहितो, आणि वारकरी त्याला आपल्या संतांच्या मांदियाळीत बसवतात. मालोजीराजे भोसले त्यांना गुरू मानीत आणि त्यांनी त्यांना श्रीगोंद्यास मठ बांधून दिला, अशी परंपरा आहे. ग्रंथाच्या नावात संग्राम आहे, पण शत्रू बाहेरचा नाही. अहंकार, क्रोध, लोभ यांच्याशी जिवाने मांडलेली ती लढाई. वडील रोज रात्री दहा ओव्या वाचीत आणि मग शाळेच्या हजेरीपटाइतक्याच काटेकोरपणे दिवसाचा जमाखर्च लिहीत. त्यांत पैशांखेरीज इतरही नोंदी असत; कोणाला विनाकारण मारले, कोणावर उगाच रागावलो.

त्या रात्री मला प्रथमच कळले, की ही काही वडिलांची लहर नव्हती. नवव्या शतकात बगदादला हारिस नावाचे एक सूफी होऊन गेले. रोज स्वतःच्या मनाची झडती घ्यावी, असे ते सांगत. त्या झडतीला मुहासबा म्हणतात, आणि त्यावरूनच लोक त्यांना मुहासबी म्हणू लागले. आपला ‘हिशेब’ त्याच धातूतून आलेला. मी जन्मभर हिशेब केले, पण ते दुसऱ्यांच्या खात्यांचे.

आणि मग नोटिशीतला आणखी एक शब्द डोळ्यांपुढे आला: हक्क. मराठीत हक्क म्हणजे माझे, तुझे नव्हे. पण सूफींच्या तोंडी ‘हक’ हे परमेश्वराचे नाव आहे; हक म्हणजे सत्य. ‘अनल्-हक’, मीच सत्य आहे, असे म्हटल्याबद्दल मन्सूर हल्लाजला बगदादमध्ये 922 साली देहान्ताची शिक्षा झाली. त्याच्या भक्तांच्या मते त्याच्यातला ‘मी’ पुरता नाहीसा झाला होता, म्हणून त्याला ते शब्द शोभले. तोच शब्द प्रवास करीत करीत आमच्या सातबाऱ्यापर्यंत आला आणि त्यात ‘मी’ तेवढा शिल्लक राहिला.

सकाळी शेतावर गेलो. धुके होते. कापलेल्या बांध्यांत बगळे उतरले होते, आणि वादाच्या धुऱ्यावर तूर पिवळ्या फुलोऱ्याने डवरली होती. दादा पुढे, मी मागे. रात्रभराच्या चिंतनाने मला मोठे पवित्र वाटत होते. मी म्हणालो, "दादा, मोजणी राहू दे. मी अर्ज मागे घेतो. मला काही नको."

दादा थांबला, पण वळला नाही. "मोजू दे गा," तो म्हणाला. "न मोजता सोडशील त मनात राहील. मोजून घे, मंग सोडायचं त सोड."

माझे पावित्र्य धुक्याबरोबर विरले. शुक्रवारच्या कट्ट्यावर आम्ही दोन वर्षे जे गोड गोड वाचत होतो, त्यातला कडू भाग दादाने एका वाक्यात सांगितला होता. सूफी कवी त्यागाचे गाणे गातात हे खरे, पण आधी झडती घ्यायला सांगतात. आपले काय आहे, आपण कोणाचे काय घेतले आहे, याचा चोख हिशेब न करता केलेला त्याग म्हणजे नुसती ऐट. दुसऱ्यावर उपकाराचे आणखी एक कर्ज.

भूकरमापक आले. हल्ली साखळी नसते, यंत्र असते. तासाभरात काम झाले. नातेवाईक खोटे बोलला नव्हता. धुरा खरोखरच माझ्या बाजूला दोन-अडीच हात सरकलेला निघाला. दादाने निशाणी पाहिली, पेंढ्यावर ठेवलेला दगड उचलला आणि स्वतःच्या हाताने नव्या हद्दीवर रोवला. "पुराच्या वेळी अंदाजानं घातला होता," म्हणाला. "चुकला." मी सहा वर्षे ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच. जिंकलेल्या माणसाला इतके रिकामे वाटते हे मला कोणी सांगितले नव्हते.

घरी आल्यावर वहिनींनी मला कोठीच्या खोलीत नेले. कोपऱ्यात सहा मडकी ओळीने ठेवलेली, तोंडाला फडकी बांधलेली. "हे तुमच्या धुऱ्याची तूर, भाऊजी. दर वर्षाची येगळी. खाऊ देत नाहीत हे. म्हनतात, कोनाची ते ठरलं नाई, त खायाची कशी?"

पहिल्या दोन मडक्यांतल्या तुरीचा किड्यांनी पार भुगा केला होता. राख घालूनही टिकली नाही. त्या भुग्यात हात घालून मी बराच वेळ बसलो होतो. गिरडच्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला. माझा भुगा झाला होता. माझ्या खात्यात मी दादाच्या नावे अडीच हात जमीन मांडली होती, ती बरोबर होती. पण माझ्या नावे काय मांडायचे? न केलेली चौकशी, न गेलेले लग्न, सहा वर्षांचे मौन. त्याची मोजणी करणारे यंत्र कोणत्याही कचेरीत नाही.

त्या रात्री सहाव्या मडक्यातल्या तुरीची डाळ शिजली. दादा जेवताना हळूच म्हणाला, "बेस झाली." मी पुतणीच्या लग्नाचा विषय काढला आणि माफी मागितली. त्यावर तो काहीच बोलला नाही. ताटात आणखी भात मात्र वाढायला लावला. सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. आमच्या घरात गोष्टी एका जेवणात मिटत नाहीत.

कट्टा अजून भरतो. गुलाबाच्या चित्राखालची वचने अजून येतात. पुढे पाठवणे मात्र मी बंद केले आहे. एक वचन घ्यावे आणि ते आपल्याला कोणाच्या दारावर नेऊन उभे करते ते पाहावे, एवढाच नियम केला आहे. त्या ‘अडीच हातां’चे काय करायचे ते आम्हा दोघांत अजून ठरलेले नाही. पण धुऱ्यावर तूर लावायचीच आहे. निघताना वहिनींनी सहाव्या मडक्यातली दोन पायल्या तूर बियाण्याला म्हणून माझ्या पिशवीत घातली. सिंदेवाहीत बियाण्याला तोटा नाही, पण दादा म्हणाला, "पेरणीले हेच पायजे." तेव्हा ते बी घेऊन मृगाच्या आधी मला जावेच लागले. कडी वाजवली, आतून "कोन आय?" आले, आणि या वेळी काय म्हणावे हे सुचेना म्हणून मी नुसताच खाकरलो. दार उघडले.